शकुनाचा डॉलर

दुबईत एकोणीस वर्षं काढलेल्या माणसाला इन्कम टॅक्स हा भारतातल्या नातेवाइकांना होणारा एक आजार वाटतो. मार्च आला की त्यांचे चेहरे उतरतात, जुलै आला की ते सीएच्या दारात जाऊन बसतात. फोनवर त्यांचं सगळं रडगाणं ऐकून घेतल्यावर गोपीनाथ हर्डीकर म्हणायचा, "आमच्याकडे तसलं काही नाही बुवा." आणि हे तो इतक्या सहानुभूतीनं म्हणायचा, की पलीकडच्याला फोन आपटावासा वाटे.

त्यामुळे २०११च्या मार्चमध्ये अमेरिकेहून आलेला कागद त्याला नीट वाचता आला नाही, यात सगळी चूक त्याची नव्हती. इंग्रजी त्याला येत होतं, आकडे तर फारच येत होते. पण टॅक्सचा कागद तो जन्मात पहिल्यांदा लक्ष देऊन बघत होता, आणि भुकेलेला माणूस हॉटेलचं मेनूकार्ड वाचतो तसा बघत होता. वर मोटेलचं नाव. खाली त्याचं स्वतःचं. आणि मध्ये एका ओळीत, २०१० सालात तुमच्या वाट्याला आलेलं उत्पन्न: वीस हजार पाचशे डॉलर आणि वीस सेंट.

"मीनाक्षी! पंचाहत्तर हजार दिरहम!" तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन ओरडला. "म्हणजे सव्वानऊ लाख रुपये!"

"कुठे?" मीनाक्षीनं कढईवरून नजर न हलवता विचारलं.

"तुझ्या दादाच्या मोटेलात."

"ते कळलं. हातात कधी येणार?"

बायकांना आनंद करता येत नाही, असं गोपीनाथचं जुनं मत होतं. ते त्यानं मनातल्या मनात पुन्हा एकदा पक्कं केलं.

त्याचा आनंद वाजवी होता, हे सांगायला हवं. जिप्समच्या फॉल्स सीलिंगचा त्याचा धंदा, वर्कशॉप दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात. २००८च्या दिवाळीपर्यंत चाळीस माणसं कामाला होती, आता सहा उरली होती. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरून वर्कशॉपला जाताना रस्त्यात एक चौदा मजली राखाडी सांगाडा लागायचा. त्यातल्या नऊ मजल्यांच्या सीलिंगची फ्रेम गोपीनाथनं लावली होती, तिच्यावर बोर्ड मात्र चढले नाहीत. बिल्डरनं या टॉवरचे पैसे उचलून दुसरीकडे जमीन घेतली, जमिनीचा भाव बसला आणि दोन्हीकडचं काम थांबलं. तिथून गाडी गेली की गोपीनाथ न चुकता म्हणायचा, "ज्या कामाचे पैसे त्या कामात घालायला याला काय होत होतं?" गाडीत कोणी नसलं तरी म्हणायचा.

त्या टॉवरसाठी आणलेले बोर्ड अजून वर्कशॉपच्या भिंतीला लागून, प्लॅस्टिकसकट रचून ठेवलेले होते. ते विकायचे नव्हते. बिल्डरचा मॅनेजर जमाल दर फोनला सांगायचा, "नेक्स्ट मंथ, इन्शाल्ला," आणि काम सुरू झालं तर बोर्ड हाताशी हवेत, असा गोपीनाथचा हिशेब होता. बोर्डांचे तीस हजार दिरहम मात्र द्यायचे राहिले होते. ते इद्रीसभाईचे. इद्रीसभाई मूळचे हैदराबादचे, पंधरा वर्षांचे सप्लायर. माणूस गोड, पण वर्षभर थांबून आता त्यांचाही गोडवा तळाला लागला होता.

म्हणून कागद आला त्याच दुपारी गोपीनाथ त्यांच्या गोदामात गेला आणि पंधरा एप्रिलचा चेक फाडून दिला. तीस हजार एक दिरहम.

"ये एक कायको?" इद्रीसभाईंनी चष्मा वर करून विचारलं.

"शगुन का. हमारे में गोल रकम नहीं देते."

"पास हुआ तो शगुन," इद्रीसभाई म्हणाले, "नहीं हुआ तो पुलिस. मालूम है ना मियाँ?"

गोपीनाथ हसला. दुबईत न वटलेला चेक म्हणजे पोलीस स्टेशन, पासपोर्ट जमा आणि पुढचं सगळं. त्यानं ते दोन वर्षांत ओळखीच्या तीन माणसांच्या बाबतीत पाहिलं होतं. पण त्या तिघांकडे अमेरिकेचा कागद कुठे होता?

संध्याकाळी त्यानं सदानंदला फोन लावला. सदानंद मीनाक्षीचा मोठा भाऊ, साउथ कॅरोलायनात हायवेवरचं सव्वीस खोल्यांचं मोटेल चालवायचा. २००७ साली, जेव्हा कोणालाही कर्ज मिळत होतं आणि कोणाचंही डोकं ठिकाणावर नव्हतं, तेव्हा दोघांनी भागीदारीत ते घेतलं होतं.

"सदानंदराव, अभिनंदन! आठ हजार डॉलर आधी पाठवा, बाकीचे सावकाश."

पलीकडे कॉफी मशिन घरघरत होतं.

"कसले?"

"कसले म्हणजे? माझं उत्पन्न!"

"अहो, ते उत्पन्न आहे," सदानंद लहान मुलाला समजावतात तशा आवाजात म्हणाला. "पैसे नाहीत."

मोटेलनं गेल्या साली एक्केचाळीस हजार कमावले, हे खरं होतं. पण क्रॅशनंतर बँकेनं सदानंदचं मानगूट धरलं होतं, मुद्दल कमी करा, नाहीतर कर्ज परत करा. ते सगळे एक्केचाळीस हजार मुद्दलात गेले. आणि मुद्दल फेडणं हा टॅक्सवाल्यांच्या लेखी खर्च नव्हे. खर्च नाही म्हणून तो नफा. नफा आहे म्हणून तो भागीदारांत वाटायचा. फक्त कागदावर वाटायचा. अर्धा तुमचा, अर्धा माझा.

"म्हणजे मला एक पैसा मिळालेला नाही, तरी मी साडेवीस हजार कमावले?"

"अगदी बरोबर. आणि आता त्यावर राज्याचे पाच टक्के."

"कशावर?"

"तुमच्या उत्पन्नावर. तुम्ही राज्याच्या बाहेरचे, म्हणून मोटेलनं तुमच्या वतीनं आधीच कापून भरायचे. हजारभर डॉलर. जास्त वाटले तर तुम्ही तुमचं वेगळं रिटर्न भरून परत मागायचे."

"हे परत मागायला अजून एक रिटर्न?"

"हे झालं फक्त राज्याचं," सदानंद म्हणाला. "वॉशिंग्टनचं मागून येतंय. तिथे तुमचे जुने तोटे वळते होतील थोडे."

गोपीनाथनं फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जणू टॅक्स त्यातूनच बाहेर आला असावा.

सोफ्यावर त्याची मुलगी शर्वाणी इकॉनॉमिक्सचा अभ्यास करत होती, म्हणजे पुस्तक उघडं ठेवून सगळं ऐकत होती. "पपा, इट्स सिंपल," ती म्हणाली. "इट्स अ‍ॅलोकेटेड. इट्स नॉट डिस्ट्रिब्यूटेड. इट्स युवर इन्कम, बट इट्स नॉट युवर मनी."

"फी भरतो ती कुठल्या मनीतून भरतो, माहीत आहे का?"

"आय डिडन्ट मेक द रूल, पपा."

खरी गंमत दुसऱ्या दिवशी आली. ईमेलमध्ये भागीदारीचं राज्याचं रिटर्न होतं, आणि सदानंदची चिठ्ठी, 'शेवटच्या पानावर सही करून स्कॅन पाठवा. पंधरा एप्रिलच्या आत. उशीर नको.'

"मी का?" गोपीनाथनं फोनवर विचारलं. "मोटेल चालवता तुम्ही, पैसे बँकेत घालता तुम्ही, सही माझी?"

"करारात आहे. ज्याचं भांडवल जास्त, त्याची सही. आजवर तोट्याची रिटर्नं मीच सही करून भरली, पण यंदा बँक करारावर बोट ठेवून बसलीय. तुमचं जास्त आहे."

"आपलं सारखं आहे. पन्नास-पन्नास हजार."

"माझे पन्नास हजार," सदानंद म्हणाला. त्याच्या आवाजात चार वर्षं जपून ठेवलेलं हसू होतं. "तुमचे पन्नास हजार एक."

गोपीनाथला आठवलं. पैसे पाठवायच्या दिवशी एक्स्चेंजच्या काउंटरवर त्यानंच फॉर्म परत घेऊन शून्याच्या जागी एक केला होता. गोल रकमेनं शुभकार्य सुरू करायचं नाही, हा त्याचा आयुष्यभराचा नेम. आहेर, देणगी, कोटेशन, भाडं, सगळ्यावर एक. संध्याकाळी फोन करून त्यानं सदानंदला ऐकवलंही होतं, "तुम्ही अमेरिकेत राहून विसरलात. आम्ही नाही विसरत." सदानंद तेव्हा बरं म्हणाला होता. त्याच्या टॅक्सवाल्यानं तो डॉलर इमानेइतबारे भांडवलात जमा केला, आणि तेव्हापासून गोपीनाथ हर्डीकर हा त्या धंद्यातला मोठा भागीदार होता. उत्पन्नातले ते शेवटचे वीस सेंट त्या डॉलरनंच कमावले होते.

"मग मी सही करत नाही," गोपीनाथ म्हणाला. "आधी आठ हजार पाठवा, मग सही."

"रिटर्न भरलं नाही तर राज्य दाखला देत नाही. दाखला नसेल तर मे महिन्यात बँक कर्ज पुढे चालवत नाही. मोटेल जाईल, गोपीनाथराव. तुमचे पन्नास हजार एकही जातील."

"मग पाठवा ना!"

"कुठून?"

पुढचे दहा दिवस हेच. एक सही देत नव्हता, दुसरा पैसे. रोज संध्याकाळी फोन व्हायचा आणि रोज त्याच जागी येऊन अडकायचा. गोपीनाथनं बँकेत जाऊन ओव्हरड्राफ्ट मागितला. मॅनेजर उत्पन्नाचा पुरावा मागू लागला, तेव्हा यानं अमेरिकेचा कागद पुढे केला. मॅनेजरनं तो आवडीनं वाचला आणि हे पैसे कधी जमा होणार असं विचारलं. गोपीनाथ म्हणाला, होणार नाहीत. मॅनेजरनं कागद दोन बोटांनी परत दिला.

मग तो इद्रीसभाईंकडे गेला. चेक थोडे दिवस थांबवा म्हणाला, आणि पुरावा म्हणून तोच कागद काढला. तेव्हा दाखवण्यासारखं त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

"इसमें तो तुम बड़े मालदार आदमी है," इद्रीसभाई कौतुकानं म्हणाले.

"सिर्फ इसी में."

इद्रीसभाईंनी टेबलाचा ड्रॉवर ओढला. आत रबर लावलेली चेकांची गड्डी होती, मोठमोठ्या बिल्डरांची, सुंदर छापील अक्षरांची. "इसमें मैं भी करोड़पति हूँ. चाय पियो और पैसा लाओ, हबीबी. पंद्रह को बैंक में डालूँगा. मेरे को भी किसी को देना है."

चहा चांगला होता. त्यामुळे गोपीनाथला जास्तच राग आला.

त्या शुक्रवारी सकाळी मीनाक्षीनं भागीदारीचा करार काढून वाचायला घेतला. ती जबल अलीत एका शिपिंग कंपनीत डॉक्युमेंटेशन बघायची, आणि कागदाची शेवटची ओळ वाचल्याशिवाय त्याला हातावेगळा न करणं ही तिची नोकरीच होती. गोपीनाथनं त्याच करारावर २००७ साली, कुरियरवाला दारात उभा असताना, एक ओळही न वाचता अकरा सह्या ठोकल्या होत्या.

"अहो, हे वाचलंत का?"

"वाचलं. जास्त भांडवलवाल्याची सही."

"ती अर्धी ओळ झाली. पुढे आहे. वर्षात नफ्यातून उचल करायची की नाही आणि किती, हेही तोच ठरवणार." तिनं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही. गेली चार वर्षं तुम्ही ठरवायचं होतं."

गोपीनाथ उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. चार वर्षं! आणि तो सदानंदपुढे हात पसरत होता! त्यानं तिकडे सकाळ होण्याची वाट पाहत दिवसभर घरात फेऱ्या मारल्या. शर्वाणीनं त्याला दोनदा सांगितलं, "पपा, यू आर मेकिंग मी डिझी."

संध्याकाळी त्यानं फोन स्पीकरवर टाकला, मीनाक्षीलाही ऐकू यावं म्हणून. खरं तर तिनं ऐकावं म्हणूनच.

"सदानंदराव, उचलीचा निर्णय माझा आहे. करारात आहे."

"आहे," सदानंद शांतपणे म्हणाला.

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि उचलायला होतं काय?"

"आज खात्यात किती आहेत?"

"नऊ हजार."

"त्यातले आठ मला पाठवा. हुकूम समजा."

मीनाक्षी एकदम म्हणाली, "दादा, ते नऊ कशासाठी ठेवलेत?"

"बॉयलर गेलाय ग, नव्याला आठ हजार लागतील. चौदा खोल्यांना गरम पाणी नाही. त्या बंदच ठेवल्यात, दोन आठवडे झाले. सोमवारी माणूस येणार होता." सदानंदचा आवाज तसाच सपाट होता. "पण गोपीनाथराव म्हणतायत ते बरोबर आहे. हक्क त्यांचा आहे. एक ओळ ईमेल करा, आज बँक उघडली की पाठवतो. बॉयलरचं बघू मग."

"मग बघू म्हणजे कधी?" गोपीनाथनं विचारलं.

"नेक्स्ट मंथ," सदानंद म्हणाला, आणि उगीच हसला. "इथे इन्शाल्ला म्हणत नाहीत, एवढंच."

गोपीनाथनं ईमेल लिहायला लॅपटॉप पुढे ओढला. त्याच्या डोळ्यांसमोर त्या राखाडी टॉवरचे नऊ मजले आले, फ्रेम लावलेले, बोर्ड नसलेले. ज्या कामाचे पैसे त्या कामात घालायला याला काय होत होतं? दोन वर्षं रोज दोन वेळा हे विचारल्यावर आता त्याचं उत्तर त्याच्या हातात आलं होतं. काही होत नव्हतं. त्या बिल्डरलाही कोणाचा तरी चेक वटवायचा असणार, बस.

त्याला स्वतःचा, सदानंदचा, बिल्डरचा आणि विशेषतः साउथ कॅरोलायनाचा भयंकर राग आला. पण राग कितीही आला तरी बॉयलर बॉयलरच राहत होता.

"बसवा," तो शेवटी म्हणाला.

"काय?"

"बॉयलर बसवा! मराठी कळत नाही का?" तो ओरडलाच. "पण तुम्ही? तुमच्याही वाट्याला साडेवीस हजार उत्पन्न आलंच असेल ना? तुम्ही टॅक्स कशातून भरताय?"

"क्रेडिट कार्डातून," सदानंद म्हणाला. "आणि माझं वीस सेंट कमी आलंय. वीस हजार चारशे नव्याण्णव डॉलर आणि ऐंशी सेंट."

मीनाक्षीनं तोंडावर पदर घ्यावा तसा ओढणीचा शेव धरला. ती हसत होती की दुसरं काही, हे गोपीनाथनं बघायचं टाळलं.

"मग सही पाठवतो," तो म्हणाला. "ते हजार डॉलर राज्याला माझ्या खात्यातून भरा. इथे माझ्याकडे नाहीत."

"भरतो. ती तुमची उचल धरली जाईल, म्हणजे तुमचं भांडवल तेवढं कमी." सदानंदनं कागद उलटल्याचा आवाज आला. "सांगून ठेवतो, मागाहून म्हणाल बोललो नाही. त्यामुळे पुढच्या वर्षी माझं भांडवल जास्त. सही माझी."

"आणि उचल ठरवायचं?"

"तेही."

म्हणजे चार वर्षं नकळत आणि एक दिवस कळून गोपीनाथ त्या मोटेलचा मालक होता. त्या मोटेलनं आजवर त्याच्या नावानं एकच रक्कम खर्ची टाकली, आणि ती न मिळालेल्या पैशांवरचा टॅक्स होती. त्यानं रिटर्न छापलं. शेवटच्या पानावर त्याच्या नावासमोर हिस्सा लिहिला होता, पन्नास पूर्णांक शून्य शून्य शून्य पाच टक्के. त्या पाचाकडे त्यानं वैऱ्याकडे बघावं तसं पाहिलं आणि सही केली. एकोणीस वर्षांतलं त्याचं पहिलं टॅक्स रिटर्न.

"यू आर ऑफिशियली अ टॅक्सपेयर, पपा," शर्वाणी म्हणाली. "काँग्रॅट्स."

"आत जा."

चेकचा प्रश्न होता तिथेच होता. पंधरा तारखेला आठवडा उरला होता. गोपीनाथनं जमालला फोन केला.

"जमाल, टॉवर का काम शुरू होगा क्या? नेक्स्ट मंथ छोड़के बोल."

या वेळी इन्शाल्ला आलं नाही. मग जमाल म्हणाला, "खलास, ब्रदर. दो महिने से मेरा सॅलरी भी नहीं आया."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं वर्कशॉपमधल्या सहा माणसांना हाक मारली, आणि भिंतीला लागून रचलेले बोर्ड भाड्याच्या ट्रकवर चढवले. प्लॅस्टिक अजून फाटलेलं नव्हतं. ट्रक त्याच रस्त्यानं, त्याच राखाडी टॉवरसमोरून गेला. आज गोपीनाथ काही म्हणाला नाही. सहा माणसांतला प्रकाश ट्रक चालवत होता, त्यानं आपणहून म्हटलं, "साहेब, याला काय होत होतं हो, ज्या कामाचे..."

"यल्ला, सिग्नल बघ," गोपीनाथ म्हणाला.

इद्रीसभाईंनी गोदामाच्या दारात उभं राहून एकेक बोर्ड वाजवून बघितला. नवेच होते, त्यांच्याच मार्काचे. "दो तिहाई में लूँगा. मार्केट मालूम है ना?"

"अहो, प्लॅस्टिक काढलेलं नाही! पूरा नया है!"

"तभी तो दो तिहाई. नहीं तो आधा देता."

मार्केट गोपीनाथला माहीत होतं. कॅल्क्युलेटर इकडून तिकडे दोनदा फिरला, चहाही आला. वीस हजारांचे बोर्ड धरले गेले, दहा हजार उरले. त्यांचा तीन महिन्यांनंतरचा नवा चेक द्यायचा, मग जुना परत मिळायचा.

गोपीनाथनं चेकबुक उघडलं. दहा, मग स्वल्पविराम, मग शून्य, शून्य. तिसऱ्या आकड्याशी पेन आपोआप थांबलं.

इद्रीसभाई बघत होते. "इस बार शगुन?"

त्या एकानं त्याला काय काय दिलं होतं, ते गोपीनाथला सगळं मुखोद्गत होतं.

"नहीं," तो म्हणाला, आणि त्यानं तिसरं शून्य लिहिलं. मग अक्षरात रक्कम लिहिली, पुढे ओन्ली लिहिलं, आणि उरलेल्या जागेवर कागदाच्या कडेपर्यंत दोन जाड रेघा मारल्या, म्हणजे स्वतःलासुद्धा पुन्हा तिथे काही लिहिता येऊ नये.